ठराव सभागृहात, लढाई दारात : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

अमेरिकेतील सिएटल शहराच्या नगर परिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घातली, तेव्हा आपल्या वस्त्यावस्त्यांमधून आनंद व्यक्त झाला. वंश, वर्ण, धर्म यांच्या बरोबरीने जातीचाही उल्लेख त्या शहराच्या कायद्यात आला. त्याआधी १ फेब्रुवारी २००७ रोजी युरोपियन संसदेने भारतातील दलितांच्या मानवी हक्कांवर ठराव केला होता. हा आनंद खोटा नाही. २००१ साली दरबानच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत जातीचा विषय येऊ नये म्हणून आपल्याच देशाच्या सरकारने किती आटापिटा केला, हे ज्यांना आठवते त्यांना या ठरावांचे मोल कळते.

पण लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने विषमतेचा निषेध करणे ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. असा ठराव आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी झालेला आहे. त्याचे पुढे काय झाले, कोणी त्याला जिवंत केले आणि कोणी त्याला फायलीत गाडले, हा इतिहास ज्याला ठाऊक नाही त्याला आजच्या ठरावांचा अर्थही कळणार नाही. तो समजून घ्यायचा असेल तर नाशिकच्या एका माणसाच्या आयुष्याकडे पाहावे लागते. तो माणूस म्हणजे कर्मवीर भाऊराव कृष्णराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड.

१५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी त्यांचा जन्म झाला. महारवाड्यात जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला जे येते ते सारे भाऊरावांच्याही वाट्याला आले. गावाचे पाणी वेगळे, देऊळ बंद, आणि वतनाच्या नावाखाली राबणूक मात्र चोवीस तासांची. वतन या शब्दाला इतरांच्या घरी मान होता. आपल्या घरी तो गळ्यातला फास होता.

भाऊराव एकविसाव्या वर्षात असताना, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. बोले हे भंडारी समाजातील सुधारक. बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्काराच्या सभेचे अध्यक्षस्थान याच बोल्यांनी भूषवले होते, आणि त्याच सभेत केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र बाबासाहेबांच्या हाती दिले होते. बोल्यांचा ठराव असा होता, की सरकारी पैशातून बांधलेले वा चालवलेले सर्व सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कोर्ट, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. ठराव मंजूर झाला. ११ सप्टेंबर १९२३ रोजी मुंबई सरकारने खात्याखात्यांना तसे आदेशही पाठवले.

वाचकहो, हा ठराव नीट पाहा. ती शिफारस होती, कायदा नव्हता. मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती. सरकारने आपल्या खात्यांना आदेश दिला, पण नगरपालिकांना आणि लोकल बोर्डांना विचार करा एवढेच सुचवले. ज्यांनी पाणवठे बंद ठेवले होते त्यांनाच ते उघडायचे का, हे विचारण्यात आले! तीन वर्षांत फारसे काही हलले नाही म्हणून ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोल्यांना दुसरा ठराव आणावा लागला. जी नगरपालिका, जे लोकल बोर्ड पहिला ठराव पाळणार नाही त्याचे अनुदान सरकारने रोखावे, अशी शिफारस त्यात होती. म्हणजे आपला पहिला ठराव नुसत्या सदिच्छेवर चालत नाही, हे कौन्सिलाच्याच ध्यानी आले होते.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. तळ्यावर मात्र कोणी पाणी पिऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले, ओंजळ भरली, आणि कागदावरचा हक्क प्रथमच पाण्यापर्यंत पोचला. त्यानंतर काय झाले? माघारी निघालेल्या आपल्या माणसांची डोकी फुटली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, महाडच्या नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. सनातन्यांनी कोर्टात दावा लावला. त्याचा शेवटचा निकाल मुंबई हायकोर्टातून लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. एक ओंजळ पाण्याला दहा वर्षे कोर्टकचेरी! तरीही लक्षात ठेवा, महाडला आपल्या हातात कौन्सिलाचा आणि नगरपालिकेचा कागद होता. नाशिकला तोही नव्हता.

बोले ठरावात पाणवठे होते, शाळा होत्या, दवाखाने होते. मंदिर नव्हते. पंचवटीतील काळाराम मंदिराच्या दाराशी भाऊराव उभे राहिले ते कोणत्याही सभागृहाची परवानगी खिशात नसताना. सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव होते. अमृतराव रणखांबे यांच्यासारखे नाशिकचे कार्यकर्ते खांद्याला खांदा लावून उभे होते. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये निघालेली मिरवणूक सुमारे मैलभर लांब होती. पंधरा हजारांच्या आसपास माणसे शिस्तीत चालत होती. गांधीजींची दांडी यात्रा त्यानंतर दहा दिवसांनी सुरू झाली. शाळेच्या पुस्तकात दांडी यात्रा पानभर असते. काळारामाला किती ओळी असतात, ते ज्याने त्याने आपल्या मुलाच्या पुस्तकात पाहावे.

मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रह्यांच्या तुकड्या बसल्या. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ महिला होत्या. आयाबहिणी दारात बसल्या हे आवर्जून सांगायला हवे, कारण पुढे नाशिकच्या चळवळीत ज्या स्त्रिया उभ्या राहिल्या त्यांची वाट इथून निघते. दादासाहेबांच्या हाताखाली घडलेल्या शांताबाई दाणी पुढे विधान परिषदेत गेल्या, ती वाटही हीच.

९ एप्रिल १९३० रोजी रामाची रथयात्रा होती. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा असे ठरले होते. ऐन वेळी ठरलेले मोडले. रथ पळवण्यात आला आणि दगडांचा वर्षाव झाला. बाबासाहेबांनाही मार लागला. आपली माणसे रक्तबंबाळ झाली. पण खरा मार नाशिक शहरात पडला नाही, तो खेड्यापाड्यांत पडला. सत्याग्रहाला गेला म्हणून गावाने काम बंद केले, दुकानदाराने मीठमिरची बंद केली, रस्ता अडवला, पोरांना शाळेतून काढले. त्या पोरांना शाळेत बसण्याचा हक्क बोले ठरावाने १९२३ सालीच दिला होता! सभागृहाचा निषेध मुंबईत होता, गावाचा बहिष्कार गावात होता. त्या गावात सभागृहाच्या बाजूने उभा राहणारा कोण होता? भाऊराव होते. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले तरी नाशिकचा सत्याग्रह थांबला नाही. गावोगावी फिरून माणसांना धीर देणे, वर्गणी जमवणे, नवी तुकडी उभी करणे, बाबासाहेबांना पत्राने हालहवाल कळवणे, हे काम भाऊरावांनी वर्षानुवर्षे केले. बाबासाहेबांनी भाऊरावांना लिहिलेली पत्रे आज ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. ती ज्याने वाचली त्याला सेनापती आणि सरदार यांच्यातला विश्वास काय असतो ते कळेल.

याच काळात दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात रंगा अय्यर यांचे मंदिरप्रवेशाचे विधेयक आले. साल १९३३. गांधीजींचा त्याला पाठिंबा होता. बाबासाहेबांनी पाठिंबा दिला नाही. नाशिकला माणसे दारात बसलेली असताना मंदिर उघडणाऱ्या विधेयकाला बाबासाहेबांनी नकार का द्यावा, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता. त्याचे कारण आजही समजून घेण्यासारखे आहे. ते विधेयक अस्पृश्यतेला पाप मानत नव्हते. मंदिर उघडायचे की नाही हे त्या भागातील सवर्ण मतदारांच्या बहुमतावर सोडले होते. मंदिरातील अस्पृश्यता ही मुळातच अनीती आहे, ती बहुमताने योग्य ठरू शकत नाही, असे म्हणण्याचे धाडस त्या विधेयकात नव्हते. म्हणजे बाबासाहेबांची कसोटी स्पष्ट होती. सभागृहाने अन्यायाचा निषेध करायचा तर स्वच्छ शब्दांत करावा. अन्याय करणाऱ्याच्या मर्जीवर न्याय टांगू नये. १९३४ मध्ये ते विधेयकही मागे घेण्यात आले.

३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्र लिहून मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह पुढे न चालवण्याचा सल्ला दिला. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा नव्हता, तर त्यांच्यात जागृती यावी, आपल्या स्थितीची चीड यावी म्हणून होता, आणि ते काम झाले आहे, आता शक्ती शिक्षणात आणि राजकारणात लावावी, असा त्या पत्राचा आशय. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली. काळारामाचे दार उघडले नाही. आपल्या माणसांनीच त्या दाराकडे पाठ फिरवली. ज्यांनी पाच वर्षे दार अडवले त्यांना वाटले आपण जिंकलो. वास्तविक त्यांनी एक मोठा समाज कायमचा गमावला होता.

आता भाऊरावांच्या आयुष्याचा दुसरा भाग. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबईच्या विधानसभेत निवडून गेले. ज्या सभागृहांच्या ठरावांसाठी दारात बसायचे, त्या सभागृहातच दारात बसणारा माणूस जाऊन बसला. आणि तिथे त्यांनी काय पाहिले? जानेवारी १९३८ मध्ये काँग्रेस सरकारने लोकल बोर्डांच्या कायद्यातील दुरुस्तीत अस्पृश्यांना हरिजन हे नाव देण्याचा घाट घातला. भाऊरावांनी सभागृहात विरोध केला. आम्ही देवाची माणसे, तर मग बाकीचे कोणाचे, अशा अर्थाचा बोचरा सवाल त्यांनी केला. ज्यांचे नाव ठेवायचे त्यांनाच ते नको आहे, हे सांगूनही बहुमताने ऐकले नाही. बाबासाहेब आणि त्यांचा पक्ष सभात्याग करून बाहेर पडला. निषेध करताना सुद्धा ज्याच्यावर अन्याय झाला त्याला विचारायचे नाही, त्याला वरून नाव द्यायचे, दया दाखवायची, ही प्रस्थापितांची रीत भाऊरावांनी त्या दिवशी उघडी पाडली. त्याच वर्षी मुंबई विधिमंडळाने मंदिरप्रवेशाचा कायदा केला तोही विश्वस्तांच्या इच्छेवर ठेवलेला. हक्क म्हणून मंदिरप्रवेश कायद्यात आला तो १९४७ मध्ये.

इथे आणखी एक गोष्ट आठवते. १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला. तेथील भारतीयांना वंशभेदाची वागणूक मिळते हा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रांत नेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात आमसभेने त्यावर ठराव केला. भारताने केले ते योग्यच केले. पण तेव्हा नाशिकच्या दारापर्यंत कायद्याचा हात पोचलेला नव्हता. बाहेरच्या वंशभेदाचा निषेध करताना आपल्या सत्ताधाऱ्यांची जीभ कधी अडखळली नाही. घरातल्या जातिभेदाचे नाव परक्या सभेत निघाले की मात्र हा आमचा अंतर्गत प्रश्न! १९४६ चा आवेश आणि २००१ च्या दरबानचे मौन एकमेकांशेजारी ठेवले की ही दुटप्पी नीती दिसते.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला. निषेध शिफारशीवरून शिक्षेपर्यंत पोचला, यामागे बाबासाहेबांचे कष्ट आहेत. १९५७ मध्ये नाशिकमधून दादासाहेब लोकसभेत निवडून गेले आणि १९६२ ते १९६८ या काळात राज्यसभेत होते. दिल्लीत बसूनही त्यांचे डोळे खेड्यावर होते. काळारामाच्या काळात गावाने काम बंद केले की आपला माणूस आठ दिवसांत गुडघे टेकतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही, तो कायद्याचा कागद हातात घेऊन पाटलाच्या दारात किती वेळ उभा राहणार? म्हणून त्यांनी जमिनीचा प्रश्न हाती घेतला. १९५३ साली फेडरेशनने मराठवाड्यात पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केला, १९५९ मध्ये रिपब्लिकन पक्षाने पुन्हा केला, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. तीन लाखांहून अधिक स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. तान्ही लेकरे कडेवर घेऊन बायका जेलमध्ये गेल्या. तुरुंग अपुरे पडले.

त्या सत्याग्रहाआधी १९६४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना जी मागणीपत्रिका दिली, तिच्यात कसणाऱ्याला जमीन, किमान वेतन, अस्पृश्यताविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी, बौद्धांना सवलती आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचे तैलचित्र या मागण्या होत्या. तैलचित्र लागले १९९० मध्ये. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्याही १९९० मध्येच. जमिनीची मागणी आजही पुरी झालेली नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दादासाहेबांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना काढली. भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची ती योजना. नाव सुंदर आहे. आपल्या तालुक्यात या योजनेतून किती कुटुंबांच्या सातबाऱ्यावर नाव चढले, हे विचारायला समाजकल्याण कचेरीच्या दारात किती जण गेले?

दादासाहेबांचे गुणगान करताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर रिपब्लिकन पक्ष फुटला, आणि त्या फुटीत एका गटाचे नेते दादासाहेब होते. १९६७ मध्ये त्यांनी जिल्हा परिषदांच्या निवडणुकीसाठी काँग्रेसशी समझोता केला. ज्यांच्या हरिजन नावाविरुद्ध सभात्याग केला होता त्यांच्याशीच हातमिळवणी, अशी टीका झाली. ती टीका करणाऱ्यांत प्रामाणिक माणसे होती. खेड्यातल्या एकाकी माणसाला सत्तेची थोडी सावली मिळावी हा दादासाहेबांचा हेतू असेलही. पण त्या वाटेने पुढे जे गेले त्यांनी सावलीच घेतली, दारात उभे राहणे सोडून दिले. २९ डिसेंबर १९७१ रोजी दिल्लीत दादासाहेबांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. खेड्यात अत्याचार वाढत असताना सभागृहातले नेते गप्प बसले, ही पँथरची तक्रार होती. दारात उभी राहणारी नवी पिढी तिथून आली.

आणि त्या पिढीलाही तोच धडा मिळाला. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. ठरावानंतर मराठवाड्यात आपली घरे जळली, माणसे मारली गेली. ठरावाची अंमलबजावणी १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्तार म्हणून झाली. ठराव आणि पाटी यांच्यामध्ये साडेपंधरा वर्षे आणि शहिदांचे रक्त आहे.

म्हणून सिएटलचा ठराव असो की युरोपियन संसदेचा, आपण त्याचे स्वागत करावे. ठराव म्हणजे नुसता कागद, असे म्हणून तो फेकून देणारेही चूक आणि ठराव झाला म्हणजे लढाई संपली असे मानून पेढे वाटणारेही चूक. ठराव ही पावती आहे. तुमचे देणे आहे, हे सभागृहाने लिहून दिले. पण वसुलीला आपल्यालाच जावे लागते. महाडला पावती हातात असूनही वसुलीसाठी दहा वर्षे लागली. नाशिकला पावती नसताना माणसे पाच वर्षे दारात बसली, आणि मगच कायदे करणाऱ्यांना जाग आली.

दरवर्षी २ मार्चला आपण काळाराम सत्याग्रहाची आठवण काढतो, भाषणे करतो, हार घालतो. यापुढे त्या दिवशी एवढे तरी करावे. आपल्या गावात पाणी, स्मशानभूमी, गायरान आणि शाळा यांबाबत कोणता कायदा, कोणता शासन निर्णय लागू आहे, त्याची प्रत मिळवावी. ती मोठ्याने वाचून दाखवावी. आणि ज्या दारावर तो पाळला जात नाही त्या दारात जाऊन उभे राहावे. आमदार-खासदार झालेल्या आपल्या माणसांनाही विचारावे, की साहेब, आपण शेवटचे दारात कधी उभे होता?

दादासाहेब गायकवाड दोन्हीकडे होते. सभागृहात बसले तरी त्यांनी दार सोडले नाही. म्हणूनच लोकांनी त्यांना कर्मवीर म्हटले.

जयभीम!